निलगिरीचे लाकूड सुतारकामाला चालते का? घरच्या झाडांपासून चौकटी, बाकडे आणि टेबल करण्याविषयी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका बागायतदारांनी असे विचारले आहे की, काजूच्या बागेच्या कडेला वडिलांनी लावलेली तीसएक वर्षांची निलगिरीची काही झाडे आता काढायची आहेत आणि त्यांच्या लाकडापासून दारांच्या चौकटी, बाल्कांवातील (घरापुढच्या ओसरीतील) बाकडे व जेवणाचे टेबल करून घ्यावे असा विचार आहे. गावचा सुतार मात्र ‘निलगिरी वाकते, फुटते, ती सेंट्रिंगलाच बरी’ असे म्हणून हात लावायला तयार नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात याच लाकडाची घरे आणि पूल बांधतात असे त्यांनी ऐकले आहे. तेव्हा यातले खरे काय मानावे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त त्या वेगवेगळ्या लाकडांविषयी आहेत. निलगिरी हे जड, कठीण, भार आणि झीज सोसणारे लाकूड आहे. एकदा ते नीट वाळले की बहुतेक कामांत त्याची तक्रार राहत नाही. त्याचे जे नुकसान होते ते झाड आडवे पडल्यापासून फळी वाळेपर्यंतच्या काळात होते. या काळावर ज्यांना लक्ष ठेवता येईल त्यांनी हे लाकूड अवश्य वापरावे. ज्यांना झाडे तोडून ओंडके महिना-दोन महिने रस्त्याकडेला उन्हात टाकायचे आहेत आणि सवडीने सॉ मिलवर न्यायचे आहेत, त्यांनी ती जळणाला किंवा सेंट्रिंगवाल्याला विकलेली बरी.

प्रथम जातीविषयी. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातील आहेत. आपण जी कीर्ती ऐकली ती बहुधा पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा आणि कारी या जातींची असावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील काही रस्त्यांवर याच लाकडांचे ठोकळे बसवलेले होते, आणि ते लाकूड शेकडो वर्षे जंगलात सावकाश वाढलेल्या झाडांचे होते. भारतात ही झाडे पहिल्यांदा टिपू सुलतानाने 1790 च्या सुमारास नंदी डोंगरावर लावली असे मानतात. उटीला तेलासाठी प्रसिद्ध असलेली जी जात आहे तिला थंड हवा लागते. गोव्याच्या सखल, दमट भागात ती नीट वाढत नाही. आपल्याकडच्या सड्यांवर आणि डोंगरउतारांवर जी निलगिरी दिसते ती मुख्यतः तेरेटिकॉर्निस, म्हणजे म्हैसूर गम या नावाने ओळखली जाणारी, आणि क्वचित कॅमाल्डुलेन्सिस. पान चुरडल्यावर लिंबासारखा उग्र वास आला तर ती सिट्रिओडोरा समजावी. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला 1995 पासून कोरिंबिया या वेगळ्या वंशात धरतात, परंतु कामाच्या दृष्टीने ती जवळचीच आहे, आणि कुऱ्हाड-कुदळीच्या दांड्यांना तर अधिक चांगली.

वजनावरून लाकडाची बरीच कल्पना येते. सुकलेल्या सागवानाचे वजन घनमीटरला 650 किलोच्या आसपास आणि जाराचे 820 किलोच्या आसपास भरते. लागवडीतील तेरेटिकॉर्निस वयानुसार साधारण 650 ते 800 किलोच्या दरम्यान असते. कागदासाठी आठ-दहा वर्षांत तोडल्या जाणाऱ्या झाडात पक्के लाल लाकूड थोडे आणि सालीलगतचे पांढरे लाकूड बरेच असते. मधला भागही हलका आणि ठिसूळ असतो. अशा मालाचे फर्निचर करू नये. आपल्या सुताराने आजवर पाहिलेली निलगिरी बहुतेक याच वयाची असणार, त्यामुळे त्याच्या मतात चूक नाही. तीस वर्षांचे, छातीच्या उंचीवर चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचे सरळ झाड ही निराळी वस्तू आहे. त्यातून मधला गाभा सोडूनही कामाच्या फळ्या निघतात. व्यास तीस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर फळ्यांचा नाद सोडून खांब आणि वासे करावेत हे उत्तम.

आता मूळ दुखण्याकडे येतो. उभ्या निलगिरीच्या खोडात बाहेरचा थर उभ्या दिशेने ताणलेला असतो आणि मधला भाग दाबलेला असतो. वेगाने उंच वाढणाऱ्या या झाडात हा अंतर्गत ताण इतर झाडांच्या मानाने फार असतो. झाड उभे असताना दोन्ही बले एकमेकांना तोलून धरतात. कुऱ्हाड किंवा यंत्रकरवत चालली की तोल बिघडतो, आणि म्हणूनच ओंडक्याच्या तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या चिरा काही तासांत उमटतात. करवतीखाली फळी सुटता सुटताच धनुष्यासारखी वाकते. लाकूड ओले असताना हे घडते, म्हणजे हा वाळण्याचा दोष नव्हे, आणि केवळ सावकाश वाळवल्याने तो जाणार नाही. त्यावर इलाज कापण्याच्या पद्धतीतच आहे.

तोडल्यावर ओंडके शक्य तितके लांब ठेवावेत, कारण प्रत्येक नवे तोंड म्हणजे नव्या चिरा. दोन्ही तोंडांना त्याच दिवशी मेणाचा किंवा डांबरी रंगाचा जाड थर द्यावा, सावलीत ठेवून गोणपाट ओले करून झाकावेत आणि आठवड्याभरात सॉ मिलवर न्यावेत. तिथे एका बाजूने ओळीने फळ्या काढत जाण्याची जी सवय असते ती या लाकडाला घातक आहे. एका बाजूची एक-दोन फळी निघाली की ओंडका उलटा करून समोरच्या बाजूची काढावी, पुन्हा फिरवावा, आणि असे दोन्हीकडून सारखे आत येत मधला दहा-बारा सेंटिमीटरचा चौकोनी गाभा शेवटी बाजूला टाकावा. हा गाभा चौकटीत घालण्याचा मोह सॉ मिलवाल्याला होतो, कारण तो सरळ आणि भक्कम दिसतो. तो घेऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात तो उभा चिरतो. हे सगळे करणारा मिस्त्री मिळाला तर दर ओंडक्यामागे वेळ दुप्पट लागेल, हे मान्य करून त्याची मजुरी आधीच ठरवावी.

फळी कोणत्या दिशेने कापावी यावर मतभेद आहेत. त्रिज्येच्या दिशेने कापलेली फळी कमी आकसते आणि तिच्या पृष्ठभागावर चिरा कमी पडतात, पण ती कडेच्या बाजूने वाकते, आणि तो बाक काढायला कड सरळ कापून रुंदी गमवावी लागते. सालीला समांतर कापलेली फळी पसरट बाजूने वाकते. हा बाक चळतीत वजनाखाली बराचसा बसतो, मात्र तिला चिरा लवकर पडतात. आपल्या जाडीच्या ओंडक्यांतून मी बाकड्याचे आणि टेबलाचे सामान दुसऱ्या पद्धतीने आणि चौकटींचे सामान पहिल्या पद्धतीने काढीन. दोन्हींत पूर्ण झाल्यावर 25 मिलीमीटर हवे असेल तर कापताना किमान 32 मिलीमीटर जाडी घ्यावी.

वाळवण्याच्या बाबतीत गोव्याचे हवामान एकाच वेळी अडचण आणि सोय आहे. ताज्या निलगिरीला सुरुवातीला वेग सहन होत नाही. वरचा थर झपाट्याने वाळला आणि आत पाणी राहिले की पृष्ठभाग चिरतो, आणि काही वेळा आतल्या पेशी चपट्या होऊन फळीवर लाटा उमटतात. ऑस्ट्रेलियात अशा फळ्यांना भट्टीत सुमारे 100 अंश सेल्सिअसची वाफ देऊन त्या पुष्कळशा पूर्ववत करतात. आपल्याला ती सोय गृहीत धरता येत नाही, म्हणून ऋतू पाहून काम करावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड तोडले तर सत्तरी-सांगेसारख्या आतल्या भागातील कोरडे ऊन ओंडक्यांची तोंडे फाडून टाकते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास तोडून कापले, तर हवेत अजून ओलावा असतो आणि पहिले सहा-आठ आठवडे लाकूड सावकाश वाळते. कौलारू शेडमध्ये, जमिनीपासून अर्धा मीटर उंच, समतल आडव्यांवर फळ्या रचाव्यात. दोन थरांमध्ये 20 मिलीमीटर जाडीच्या कोरड्या पट्ट्या चाळीस-चाळीस सेंटिमीटरवर, एकाच उभ्या रेषेत ठेवाव्यात, आणि चळतीवर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे भरपूर वजन द्यावे. पहिल्या दोन महिन्यांत बाजूंना गोणपाट लटकवून वारा अडवावा, नंतर काढावे.

25 मिलीमीटरची फळी या पद्धतीने मे अखेरपर्यंत बहुतांश वाळते. पावसाळ्यात पुढची प्रगती थांबते, कारण जुलैच्या हवेत लाकूड स्वतःच 17-18 टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. म्हणून घरातील सामानासाठी दुसरा कोरडा हंगाम मिळू द्यावा, किंवा छोट्या भट्टीत शेवटचा टप्पा पूर्ण करावा. चौकटींचे जाड सामान याहून अधिक वेळ घेते. दोन वर्षांच्या आत ते बसवण्याची घाई करू नये. आर्द्रतामापकाची दोन टोके फळीच्या मध्यावर, कडेपासून दूर टोचून वाचन घ्यावे, आणि ते 12 ते 14 टक्क्यांवर आल्याशिवाय रंधा लावू नये. मत्तीचे, म्हणजे ऐनाचे, लाकूड वाळवणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. ती खोडही जवळपास अशीच आहे.

वाळलेले लाकूडही ऋतूनुसार हलते, आणि टेबल करताना हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. तेरेटिकॉर्निससाठी हिशोब करताना मी जाराचा आकडा धरतो: सालीला समांतर कापलेल्या फळीत आर्द्रतेच्या एका टक्क्यामागे साधारण 0.3 टक्के बदल. सागवानात हा बदल 0.2 टक्क्यांच्या आतच असतो. 900 मिलीमीटर रुंदीचा टेबलाचा वरचा भाग जानेवारीत 12 टक्क्यांवर असेल आणि ऑगस्टमध्ये 17 टक्क्यांवर गेला, तर निलगिरीचा तो भाग सुमारे 13 मिलीमीटर फुगेल आणि सागवानाचा आठ-नऊ. खालच्या सांगाड्याला तो स्क्रूने घट्ट आवळला असेल तर काहीतरी फुटणारच. स्क्रूसाठी लांबट खाचा ठेवाव्यात, किंवा लाकडी गुटक्यांनी पकडून वरचा भाग सरकता ठेवावा. पावसाळ्यात बंद राहणारी आणि पर्यटनाच्या हंगामात वातानुकूलन चालणारी घरे गोव्यात पुष्कळ झाली आहेत. तिथे फरक आणखी मोठा असतो, आणि अशा घरासाठी मी या लाकडाचे रुंद टेबल करून देत नाही. वजनाचाही विचार करावा: 1800 बाय 900 मिलीमीटरचा, 25 मिलीमीटर जाडीचा भाग सागवानात सुमारे 26 किलो होतो, तर घट्ट निलगिरीत 30 किलोच्या पुढे जातो.

तेव्हा आपल्या तीन कामांपैकी बाल्कांवातील बाकडे हे या लाकडाचे खरे काम आहे. तिथे वजन गुणच ठरते, घर्षण सोसते, आणि बसण्याच्या पट्ट्या सत्तर-ऐंशी मिलीमीटरच्या ठेवून मध्ये फटी सोडल्या की हलण्याचा त्रास उरत नाही. हॉटेलांच्या बागांतून जी आयात केलेली निलगिरीची घडीची खुर्ची दिसते, तिचेही सामान अशाच अरुंद पट्ट्यांचे असते, आणि त्यामागे हेच कारण आहे. चौकटी करता येतील, परंतु आतल्या दारांच्या. दर्शनी दाराला आणि पावसाचा मारा लागणाऱ्या खिडक्यांना सागवान किंवा फणस वापरावा, कारण चौकट दोन-तीन मिलीमीटर पिळली तरी दार लागेनासे होते. चौकटीचा जो भाग चिऱ्यांच्या भिंतीला टेकतो त्याला आधी परिरक्षकाचे (लाकूड कीड-कुजीपासून वाचवणाऱ्या द्रव्याचे) दोन हात आणि वर डांबरी रंग द्यावा. टेबल करायचेच असेल तर अरुंद फळ्या जोडून करावे. एक गोष्ट सहज सांगतो: त्याच बागेत ऑस्ट्रेलियन बाभूळ, ज्याला सगळे अकेशिया म्हणतात, पुरेशा जाडीची असेल, तर टेबलासाठी मी आधी ती घेईन. ती वाळताना कमी छळते आणि तिचा रंगही अधिक खुलतो.

कौलारू छपराच्या वाशांविषयी पुष्कळजण विचारतात. कापलेला निलगिरीचा वासा पिळला की रीपा उचलल्या जातात आणि मंगळूर कौलांच्या ओळी बिघडतात. उलट खोड गोलच ठेवले, फक्त साल काढली, तर आतला ताण तोललेला राहतो आणि वासा बराच सरळ टिकतो. सेंट्रिंगचे टेकू आणि मांडवाचे खांब निलगिरीचे चालतात ते याचमुळे.

कामाच्या पद्धतीत फारसे गूढ नाही. धागे एकमेकांत गुंतलेले असल्याने रंधा एका पट्ट्यात गुळगुळीत जातो आणि शेजारच्या पट्ट्यात लाकूड उपटतो. रंध्याच्या पात्याला पुढच्या बाजूने दहा अंशांचा बारीक उतार दिला तर कापण्याचा कोन 45 वरून 55 अंशांवर जातो आणि उपटणे पुष्कळ कमी होते. शेवटचा हात पोलादी खरवडपट्टीने द्यावा. यंत्रावर कार्बाइड दात असलेलीच पाती लावावीत. साधी पाती लवकर बोथट होतात आणि मग लाकूड कापण्याऐवजी जळते. गोंदाच्या काळपट शिरा आणि खिसे मधेच लागतात. दर्शनी भागात असे तुकडे घेऊ नयेत.

स्क्रूसाठी छिद्र न पाडता काम करणाऱ्याचा स्क्रूही तुटतो आणि टोकाकडची फळीही फुटते. छिद्राचा व्यास स्क्रूच्या मधल्या दांड्याच्या नव्वद टक्के ठेवावा. सांधा कुसाचा (एका तुकड्याचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसणारा) करावा आणि पाचर मारून किंवा लाकडी खुंटीने आवळावा. सरस लावायचे पृष्ठभाग त्याच दिवशी रंधलेले असावेत, कारण लाकडातील द्रव्ये हळूहळू वर येऊन पकड कमी करतात. घट्ट लाकडात सरस कमी मुरतो, म्हणून क्लॅम्प इतका आवळू नये की सगळा सरस बाहेर निघून जाईल. घरात पांढरा फेविकॉल पुरतो, बाल्कांवाला जलरोधक प्रतीचा किंवा इपॉक्सी वापरावा. लोखंडाशी या लाकडाचे जमत नाही. त्यातील टॅनिन आणि ओले लोखंड एकत्र आले की निळसर काळे डाग पडतात, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत ते एका पावसाळ्यात येतात. पितळी किंवा 316 प्रतीचे स्टेनलेस स्क्रू वापरावेत. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने तो निघतो. हातमोजे घालून लावावे आणि नंतर पाण्याने धुवावे. हीच अडचण उलटी वापरून, व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून केलेले पाणी मुद्दाम फासले, तर शिसवीच्या जवळ जाणारा काळा रंगही मिळतो.

किडीच्या बाबतीत पांढरे आणि लाल लाकूड यांत फरक करावा. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असते आणि बारीक भुंगेरे ते आतून पोखरून पिठासारखी भुकटी पाडतात. फर्निचरमध्ये हा भाग घेऊ नये. घ्यावाच लागला तर ओल्या फळ्या टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून, नंतर काही आठवडे झाकून ठेवाव्यात, म्हणजे द्रव्य आत पसरते. हे द्रव्य पावसात धुऊन जाते, त्यामुळे ते घरातल्याच कामाला उपयोगी. कुंपणाच्या खांबांत गंमत अशी की पांढरे लाकूड परिरक्षक चांगले शोषते आणि लाल लाकूड जवळजवळ शोषत नाही. म्हणून दाबाखाली प्रक्रिया करायचे खांब गोल आणि पांढऱ्या थरासकट असावेत. लागवडीच्या झाडाचे लाल लाकूड वाळवीला काही काळ दाद देत नाही, पण मातीत थेट रोवल्यावर जाराइतके टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. जिवंत झाडही वाळवीने आतून पोकळ केलेले असू शकते, तेव्हा तोडण्याआधी बुंध्यावर कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून आवाज ऐकावा.

बाकड्याला जाड पॉलिशचा थर देऊ नये. पावसात तो फुगून सोलतो. जवसाचे उकळलेले तेल पातळ करून दोन-तीन हात, आणि दर वर्षी गणेश चतुर्थीनंतर आकाश मोकळे झाले की एक हात, एवढे पुरते. तेलात भिजलेली फडकी गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. उलगडून वाळत घालावीत. घरातील टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चालते, मात्र रंध्रे उघडी असल्याने आधी भरणी करावी.

शेवटी परवानगीची बाब. गोव्यात 1984 पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे, त्यामुळे झाड आपल्याच जमिनीतील असले तरी तोडण्याआधी वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे, आणि ओंडके सॉ मिलपर्यंत नेण्यासाठी वाहतूक परवान्याचीही त्याच वेळी चौकशी करावी. पाहणी आणि कागदपत्रांना वेळ लागतो. ऑक्टोबरमध्ये तोड करायची असेल तर अर्ज पावसाळा सुरू होण्यापूर्वीच गेलेला बरा, कारण परवाना हातात नसताना झाड पाडले तर ओंडके तोंडे फाटत पडून राहतील, आणि मग वर सांगितलेली कोणतीच काळजी त्यांच्या उपयोगी पडणार नाही.